रद्दी आणि खजिना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण)



२५ वर्षांपूर्वी इथे राहायला येताना, सामान आवरण्याच्या गडबडीत मी एक ट्रंक रद्दीवाल्यापुढे रिकामी केली. त्यात माझ्या धाकट्या भावाची इंद्रजाल कॉमिक्स होती. वेताळ, मँड्रेक, सगळे वजनावर गेले. त्या पैशांत टेम्पोवाल्यांचा चहा जेमतेम झाला. भावाला मी विचारलंसुद्धा नव्हतं. तो अजून म्हणतो, "दादा, लाखो रुपये घालवलेस." ते खरं का, हे बघायला म्हणून मी या विषयात शिरलो.

१९३८ साली अमेरिकेत 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. किंमत दहा सेंट. सुपरमॅन त्यातच पहिल्यांदा आला. त्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना आणि दुसरी एक २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. नुसती जुनी म्हणून नव्हे. मुलांनी अंक फाडले, आयांनी टाकले, महायुद्धातल्या कागद गोळा करण्याच्या मोहिमेत ढिगांनी गेले. इतरांनी रद्दीत घातले, म्हणून उरलेले महागले!

दुसरी गोष्ट अवस्था. जाणकार दहापैकी गुण देतात. पिन गंजली, कोपरा दुमडला, चिकटपट्टी लावली, की गुण कापले. तिसरी गोष्ट ओढ. लहानपणी जे आवडलं, ते हातात पैसा आल्यावर माणूस शोधत फिरतो.

आता उलट उदाहरण. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी काळ्या पिशवीतून न काढता लाखो प्रती जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, त्यामुळे भाव आलाच नाही. 'मर्यादित आवृत्ती' असं वाचून पैसे गुंतवणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडचंच बघा. १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी त्यातल्या फक्त १०० तिकिटांवर 'सर्व्हिस' असा शिक्का छापला होता. त्यातल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. चित्र तेच, फरक एका शब्दाचा.

मग आमच्या ट्रंकेचं काय? भावाने प्रत्येक अंकावर नाव घातलं होतं, वेताळाला पेनने मिशा काढल्या होत्या. दहापैकी दोन गुण मिळाले असते तरी खूप! हे मी त्याला फोनवर सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अरे दादा, मला कुठे विकायची होती?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

तेव्हा दिवाळीत माळे आवराल, तेव्हा खजिन्याच्या आशेने सगळंच साठवू नका. पण रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी, ज्याची वस्तू त्याला एकदा विचारा.