पोराला चौकीत नेले तर वकील हवा का?

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



रात्री-अपरात्री मला येणारे फोन बहुतेक बदलीचे नाहीतर क्वार्टरचे असतात. पण अधूनमधून वेगळाच फोन येतो. "सेक्रेटरी साहेब, पोराला यार्डात पकडलंय. इन्स्पेक्टर साहेबांच्या कानावर जरा एक शब्द घाला." मी म्हणतो, शब्द घालतो, पण वकील बघा. त्यावर ठरलेले उत्तर येते : एवढ्याशा गोष्टीला वकील कशाला? वकील दिला म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच की!

आता असे बघा. साधे एसएफ-११ हातात पडले तरी आपला माणूस उत्तर लिहिण्याआधी शाखा कार्यालयाची पायरी चढतो. एसएफ-५ आले तर डिफेन्स हेल्पर घेतल्याशिवाय चौकशीला बसत नाही. टपाल खात्यातले बंधू नियम १४ च्या चौकशीत हेच करतात. हेल्पर घेतला म्हणजे आरोप मान्य केला, असे तेव्हा कोणी म्हणत नाही. तीस वर्षे नोकरीत मुरलेला बाप जिथे एकटा बसत नाही, तिथे सोळा वर्षांच्या पोराने एकट्याने बसावे काय?

दुसरी गोष्ट या 'एवढ्याशा' शब्दाची. गुन्हा केवढा ते आपण ठरवत नाही, लावलेले कलम ठरवते. प्लॅटफॉर्मवर कोणाचा मोबाईल उचलला तर भारतीय न्याय संहितेखाली साधी चोरी, जास्तीत जास्त तीन वर्षे. तोच मोबाईल गाडीच्या डब्यातून उचलला तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. यार्डात पडलेले चार किलो लोखंड पोरांच्या लेखी भंगार. पण ती रेल्वेची मालमत्ता ठरली की १९६६ चा कायदा लागतो आणि पहिल्याच गुन्ह्याला शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. गाडीवर दगड मारणे हा पोरांचा खेळ असेल, पण रेल्वे कायद्याच्या कलम १५२ मध्ये त्याला दहा वर्षे, प्रसंगी जन्मठेपही सांगितली आहे.

१८ वर्षांखालील मुलाला ही तुरुंगवासाची शिक्षा होत नाही, हे खरे. त्याचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढे चालते. तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात. (सोळा वर्षांवरच्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा वेगळ्या वाटेने जाऊ शकतो, तो आजचा विषय नाही.) पण इथेही तीन वर्षांची रेघ आहे. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा कायद्याने किरकोळ ठरतो, आणि त्याची चौकशी चार महिने अधिक वाढीव दोन महिने एवढ्यात पुरी झाली नाही तर प्रकरण आपोआप संपते. रेघेच्या पलीकडचे कलम लागले तर ते असे आपोआप संपत नाही. कलम बरोबर लागले आहे का, हे विचारणारे मंडळापुढे कोणी नको काय? बापाला ते विचारता येत नाही. मलाही येत नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे जबानी. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आपल्याला ऐकून माहीत असते. पण १९६६ च्या कायद्याखाली चौकशी करणारा आरपीएफचा अधिकारी त्या अर्थाने पोलीस अधिकारी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला आहे. म्हणजे तिथे दिलेली कबुली पुराव्यात येऊ शकते. २०१६ चे केंद्राचे नमुना नियम सांगतात की पोलिसांनी मुलाकडून कबुली वदवून घेऊ नये, कोणत्याही जबानीवर त्याची सही मागू नये, बेडी घालू नये. नियम चांगला आहे. पण रात्री अकराला घाबरलेल्या पोरापुढे कागद सरकवला जातो तेव्हा नियमावली कोण उघडणार? "सही कर आणि घरी जा" म्हटले की पोर सही करते, आणि बापही म्हणतो, कर बाबा.

मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे न्यावेच लागते. जामीन हा नियम आहे, नाकारायचा तर कारण लिहावे लागते. एवढे प्रत्येकाने पाठ करावे.

वयाचा कागद मात्र घरीच तयार ठेवा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका, तो पुरेसा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. इटारसी, हुबळीकडे बदलून गेलेल्या आपल्या बंधूंचे दाखले गावाकडच्या पेटीत असतात आणि इकडे पोराचे वय अंदाजाने एकोणीस लिहिले जाते. मग कोणीतरी सांगतो, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. मोकळे कसले? ती शिक्षा नावावर लागते आणि उद्या भरतीच्या फॉर्ममध्ये तो रकाना समोर येतो. उलट बाल न्याय कायद्याच्या कलम २४ ने मुलाला अपात्रतेपासून वाचवले आहे. खरोखर अठरा पुरी झालेल्या पोरासाठीही १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. एकवीसच्या आतल्याला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाला कारण द्यावे लागते. पण ते कोर्टाकडे मागायला वकीलच लागतो.

पोलिसांनी दम देऊन, काहीही न लिहिता पोर घरी पाठवले, तर वकिलाकडे धावू नका. कान धरायचे काम घरचेच. पण डायरीत नोंद झाली किंवा कागदावर सही मागितली, की वकील हवा.

राहिला खर्च. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बालकाला वकील मोफत मिळतो, बापाचा पगार कितीही असो. हे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयात असते, फोन १५१००. दिलेला वकील नीट लक्ष देत नसेल तर तिथेच लेखी अर्ज करून बदलून मागा. आपल्या प्रत्येक शाखेने हा नंबर फळ्यावर लिहावा, पगारवाढीच्या तक्त्याशेजारी. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी चहानंतर थांबावे. शाखेच्या विनंतीवरून एक वकील भगिनी आल्या आहेत, त्या उत्तरे देतील.