कॅन्सरनंतर आराम किती, हालचाल किती

कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त ऐकू येतो तो एकच सल्ला: आराम कर. कळव्याचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात धीम्या लोकलने खेपा घालून थकलेला असतो, तेव्हा या सल्ल्यामागे मायाच असते. पण हा थकवा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. तो झोपेने जात नाही. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, थोड्याशा चालण्याने दम लागतो आणि थकवा आणखी वाढतो. बेताचा, नियमित व्यायाम हा त्यावरचा परिणामकारक उपाय ठरला आहे. दमलेल्या माणसाला हे उफराटे वाटते, आणि अडचण तिथेच आहे.

दुसरा समज स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतरचा. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजण्याचा धोका राहतो, म्हणून त्या हाताने पाण्याची कळशीही उचलायची नाही, असे बायका एकमेकींना सांगतात. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना नाव वल्हवायला बसवले. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी ज्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, त्यांची सूज वाढली नाही. तरी समज टिकून आहे. भीतीपुढे आकड्यांचे फारसे चालत नाही.

नुसती माहिती पुरत नाही, हे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांच्या चाचणीतही दिसते. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. एका गटाला आरोग्याविषयीची पुस्तिका दिली, दुसऱ्याला तिच्या जोडीला तीन वर्षे व्यायामाचा मार्गदर्शक. आठ वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ८३ टक्के, तर दुसऱ्यातले ९० टक्के रुग्ण हयात होते. पुस्तिकेपेक्षा पाठपुरावा करणारा माणूस कामी आला, असेच म्हणावे लागते.

टाटा रुग्णालयानेही स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये मांडले गेले. योग करणाऱ्या स्त्रियांचा थकवा आणि वेदना कमी झाल्या. आपल्याकडे योगाला एक फायदा आहे: व्यायामाला नको म्हणणारे घरचेही त्याला सहसा हरकत घेत नाहीत.

उमेद टिकते ती डॉक्टरांच्या स्पष्ट शब्दाने, सोबतीने आणि छोट्या सुरुवातीने. खारेगावात शेजारणीबरोबर दहा मिनिटे चालणे पुरते. पारसिक डोंगराच्या उतारावर राहणाऱ्याला तर घरी जाणे हाच व्यायाम. दहा मिनिटांपासून आठवड्यात तीनदा अर्ध्या तासापर्यंत, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने, वाढवत न्यावे. कॅन्सर हाडांत पसरला असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा ताप असेल तर मात्र आधी डॉक्टरांची परवानगी हवी. पुढच्या तपासणीला जाताना, ‘मी किती आणि कसे चालू?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून विचारावा.