पॉडकास्टसाठीं सॉफ्टवेअर निवडतांना

घरच्या खोलींत बसून जगाला ऐकवावयाचा कार्यक्रम, म्हणजे पॉडकास्ट, करण्याची हौस आज पुष्कळ घरांत शिरली आहे. हा शब्दच मुळीं २००४ सालचा. परंतु आतां आजोबांनाहि त्याचा अर्थ नातवंडांस विचारावा लागत नाहीं. अशा हौशी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ध्वनिमुद्रणासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें? आणि उत्तर देणारा बहुधा सोयींची यादी वाचूं लागतो. मीहि एके काळीं तेंच करीत असें. आतां मी एकच गोष्ट विचारतों : मध्येंच यंत्र बंद पडलें तर हातीं काय उरेल?

याला कारण माझी मावशी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां ती शनिवार पेठेंत राहत होती. पुढें ती नागपुरास गेली. तिची ती हकीकत मीं पुण्याहून इंटरनेटवरून मुद्रित करावयास घेतली. चाळीस मिनिटें ती बोलली. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलें हें सांगतांना ती एकाएकीं थांबली, आणि बराच वेळ बोललीच नाहीं. अगदीं अखेरीस तिच्याकडची वीज गेली. मी ज्या सेवेवर विसंबलों होतों ती सारें मुद्रण दूरच्या कोठल्याशा यंत्रांत सांठवून शेवटीं आपल्या हवालीं करीत असे. फाईल आली, पण ती कांहीं केल्या उघडेना. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारलें, तेव्हां मावशी म्हणाली, "अरे, काल सगळें सांगितलें ना तुला?" तरी तिनें सांगितलें. सात मिनिटांत. पायरीचा आंकडा आला; तें थांबणें आलें नाहीं.

दोन गांवीं बसलेल्या माणसांच्या संभाषणांत खरी अडचण वाटेची आहे. इंटरनेटवरून येणारा आवाज वाटेंत तुटतो, दबतो. झूमवर प्रत्येकाची वेगळी फाईल आपल्या संगणकावर घेतां येते खरी, पण तिच्यांतहि पलीकडच्या माणसाचा आवाज त्या वाटेनें आलेलाच असतो. रिव्हरसाइड किंवा झेनकास्टर यांची रीत निराळी : ज्याचा आवाज त्याच्याच संगणकावर मुद्रित होतो, आणि बोलणें चालूं असतांनाच तुकड्यातुकड्यांनीं पुढें पाठविला जातो. मला ही रीत पटते. याहूनहि साधा उपाय म्हणजे पलीकडच्या माणसानें जवळच्या मोबाईलवर निराळें मुद्रण चालूं ठेवणें. दोन्हीं मागाहून जुळवितां येतात. मावशीच्या शेजारीं तिची नात मोबाईल घेऊनच बसली होती. मला सुचलें नाहीं.

समोरासमोर बसून बोलणारांस ऑडॅसिटी पुरेसें आहे. तें २००० सालापासून विनामूल्य मिळतें. २०२१ पर्यंत त्याची एक खोड होती : मुख्य फाईल लहानशी, आणि आवाजाचे असंख्य तुकडे शेजारच्या फोल्डरमध्यें. ती लहान फाईल तेवढी पेनड्राइव्हवर नेऊन अनेकांनीं कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व एकाच फाईलींत राहतें, आणि मध्यें बंद पडल्यास पुन्हां उघडतांना आधींचें काम परत मिळविण्याची विचारणा होते. रीपर हें विकतचें, पण साठ दिवस वापरून पाहतां येतें. त्यांत कितीहि कापाकापी केली तरी मूळ फाईलीस धक्का लागत नाहीं. ॲपलचा संगणक असेल त्यानें गॅरेजबँडवर भागवावें.

आवाज कोणत्या रूपांत उतरवावा, याविषयीं मात्र मी हट्टी आहें. सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येकास दोन बाइट, या हिशेबानें एका माणसाच्या तासभर बोलण्याची वेव्ह फाईल सुमारें ३१७ मेगाबाइट होते. तेंच ६४ किलोबिटच्या एमपीथ्रीमध्यें २९ मेगाबाइटांत बसतें. जागेच्या लोभानें थेट एमपीथ्रीमध्यें मुद्रण करूं नये. ताक झाल्यावर त्याचें दूध होत नाहीं. श्रोत्यांकडे पाठवावयाची प्रत तेवढी लहान करावी.

आणि सॉफ्टवेअर कोणतेंहि ठरो, पहिल्या पाहुण्यास बोलावण्यापूर्वीं त्यावर पांच मिनिटें वर्तमानपत्र वाचावें, मध्येंच तें बळेंच बंद करावें, पुन्हां उघडावें, आणि काय शिल्लक आहे तें कान देऊन ऐकावें.