सुटी कोणासाठी?



परदेशातील कार्याचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांसमोर भव्य संमेलने आणि संगमरवरी मंदिरे उभी राहतात. परंतु कार्याचा भार वाहणारे हात बहुधा छायाचित्रात नसतात. इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहणारा, विद्यापीठात शिकणारा एक तरुण स्वयंसेवक आज डोळ्यांसमोर आणावा. उन्हाळ्याची सुटी लागली आहे. वर्गमित्र स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाले आहेत. याने मात्र सुटी समाजाला द्यायचे ठरवले आहे.

त्या शहराचा इतिहास त्याच्या घरातच आहे. 4 ऑगस्ट 1972 रोजी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्याचा आदेश दिला. मुदत होती नव्वद दिवसांची. सुमारे 28 हजार लोक ब्रिटनमध्ये आले. त्याच वर्षी लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, ‘आमच्या शहरात येऊ नका’ असे कळवले होते. तरीही हजारो कुटुंबे तेथेच स्थिरावली. कारखान्यांत राबली, दुकाने थाटली. आज त्याच शहराच्या बेलग्रेव्ह मार्गावरची दिवाळी पाहण्यास दूरदूरहून लोक येतात.

या तरुणाची दिनचर्या साधी आहे. तिकडे उन्हाळ्यात पहाटे पाचलाच उजाडते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सकाळी तो एका दुकानात काम करतो, कारण शिक्षणाचा खर्च आईवडिलांवर पडू नये अशी त्याची इच्छा असते. दुपारी संपर्क. एखाद्या वृद्धेला सरकारी पत्रातील इंग्रजी वाचून दाखवायचे, एकट्या राहणाऱ्या आजोबांबरोबर दवाखान्यात जायचे. कोणाचे आईवडील पाळीवर असतील, तर त्यांच्या मुलांना शाखेत आणायची व्यवस्था लावायची. तेथील शाखा बहुधा आठवड्यातून एकदा, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात भरते. बाहेर पाऊस, आत कबड्डी! आज्ञा संस्कृतमध्ये, खेळातील भांडणे मात्र अस्सल इंग्रजीत. शेवटी खुर्च्या जागेवर लावून आणि सभागृह झाडूनच हा घरी जातो.

अशाच एका सायंकाळी दहा वर्षांचा एक मुलगा त्याला विचारतो, “आजी म्हणते, आपण भारतातले. शाळेत सांगतात, तू ब्रिटिश. मग खरे कोणते?”

बौद्धिकातली ठरीव वाक्ये त्या क्षणी अपुरी पडतात. कारण हाच प्रश्न या तरुणाच्याही मनात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे. तो प्रामाणिकपणे म्हणतो, “मलाही नीट सांगता येत नाही. आपण तुझ्या आजीलाच विचारू.”

पुढच्या आठवड्यात आजी येतात. त्यांचा जन्म कंपालाचा. भारत त्यांनी स्वतः उशिराच पाहिला. एका पेटीत मावेल तेवढा संसार घेऊन त्या निघाल्या होत्या. पेटीत देवघरातील कृष्णाची मूर्ती होती. विमानतळावर उतरल्या तेव्हा थंडीने कुडकुडत होत्या. एका अनोळखी इंग्रज बाईने स्वतःचा कोट त्यांच्या अंगावर घातला. आजी मुलांना एवढेच सांगतात, “मूर्ती आपली आहे, ती सोडायची नाही. कोटाचे ऋणही आपलेच आहे, तेही विसरायचे नाही.”

मुले गप्प होतात. तरुणालाही आपले उत्तर सापडलेले असते.

बंधूंनो, परदेशातील कार्याचे सूत्र याहून वेगळे नाही. 1946 साली मोम्बासाकडे निघालेल्या जहाजावर दोन स्वयंसेवकांची गाठ पडली, आणि डेकवरच शाखा लागली. 14 जानेवारी 1947 रोजी, मकर संक्रांतीला, नैरोबीत कार्याचा औपचारिक आरंभ झाला. ब्रिटनमध्ये 1966 साली हिंदू स्वयंसेवक संघ स्थापन झाला. तेथील प्रार्थना आपल्या प्रार्थनेहून वेगळी आहे. तीत विश्वधर्माचे आणि विश्वशांतीचे स्मरण आहे. ज्या देशाचे अन्न खायचे, त्या देशाचे उत्तम नागरिक व्हायचे, आणि ते होण्याचे बळ आपल्या संस्कारांतून घ्यायचे, हा त्यामागील विचार. म्हणूनच रक्षाबंधनाला तेथील स्वयंसेवक शेजाऱ्यांना आणि पोलिसांनाही राखी बांधतात.

आज आपल्या घरोघरीची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जात आहेत. त्यांच्या सामानात लोणचे, मेतकूट, चकली आपण आठवणीने भरतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट द्यावी: सुटीतले काही दिवस दुसऱ्यासाठी खर्च करण्याची सवय. ती मात्र आयत्या वेळी पेटीत भरता येत नाही. ती घरातच, आईवडिलांच्या सुटीकडे पाहून लागते. आपली गेली सुटी कोणासाठी खर्च झाली, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आज रात्रीच्या जेवणाला एकत्र बसून स्वतःला विचारावा.