सासूबाईंच्या फियाटमधला रेडिओ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मागल्या वर्षी याच जागेवरून डॉक्टरीणबाई बोलल्या. मी आजवर मंडळात सतरंज्या घातल्या, तिळगूळ वळला आणि भिशीचा हिशेब ठेवला. पण तुमच्यापैकी पुष्कळजणींनी आमची जुनी फियाट संध्याकाळी राजवाड्यावरून हळूहळू जाताना पाहिली आहे, आणि "एवढ्या जुन्या गाडीत गाणी लागतात तरी कुठली?" असे मला भाजीबाजारात विचारले आहे. एकेकीला रस्त्यात उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावे, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर पदरात घ्या.

आमची गाडी फियाट अकराशे, १९६८ सालची. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात झालेली. याच गाडीचे पुढे 'पद्मिनी' असे नाव झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी एकेकाळी त्याच असत. त्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. मामंजींनी आमची गाडी १९७४ साली एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा तिच्यात रेडिओ बसवलेलाच होता. दोन गोल बटणे, मध्ये आकड्यांची पट्टी आणि एक काटा. डावे बटण फिरवले की 'टक्' असा आवाज होतो आणि पट्टीमागचा दिवा लागतो. मामंजी गाडी चालवायचे आणि रेडिओचे बटण सासूबाईंकडे असायचे. "गाडी माझी, रेडिओ हिचा," असे मामंजी पाहुण्यांना सांगत.

मामंजी जाऊन आता नऊ वर्षे झाली. सासूबाईंचे वय ऐंशी. गेली चार वर्षे त्यांना विस्मरणाचा आजार आहे. दिवसभर त्या बऱ्या असतात. दिवेलागण झाली की मात्र त्यांचा जीव कासावीस होतो. पिशवी भरतात, दाराशी उभ्या राहतात आणि म्हणतात, "मला घरी जायचंय." आपण म्हणावे, "आई, हेच आपले घर," तर त्या रडतात. डॉक्टरांनी सांगितले, की वाद घालू नका, त्यांच्या मनाप्रमाणे घ्या. म्हणून आम्ही त्यांना फियाटमध्ये बसवू लागलो. शनिवार पेठेतून पोवई नाका, गोडोलीवरून फिरून पुन्हा घरी. दारात गाडी थांबली की म्हणायचे, "आलो हो घरी." मग त्या शहाण्यासारख्या आत येतात आणि दूधभात खातात.

गाडीत बसल्यावर त्या पहिली गोष्ट काय करीत, तर डावे बटण फिरवीत. हाताला सवय! स्वतःच्या मुलाचे नाव कधी कधी आठवत नाही, पण बोटांना ते बटण अंधारातही सापडते. आणि रेडिओतून येई नुसती खरखर. हा रेडिओ फक्त मीडियम वेव्हचा. आता घरोघरी एलईडीचे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आहेत, त्या सगळ्यांचा गोंगाट मीडियम वेव्हवर ऐकू येतो आणि स्टेशन त्यात बुडून जाते. सासूबाई काटा इकडून तिकडे फिरवायच्या आणि घाबऱ्या होऊन म्हणायच्या, "बिघडला गं. ह्यांना सांग, ते रागावतील." मामंजींना सांगायचे! गाडीतून फिरल्याचे सगळे समाधान तिथेच संपायचे.

आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आई, जुना डबा काढून टाकू. काचेच्या पडद्याचा नवा बसवू. फोन लावला की झालं." आम्ही गाडीचे सामान बसवणाऱ्या एका दुकानात गेलो. त्यांनी माप घेतले आणि सांगितले, की डॅशबोर्डाचा पत्रा कापावा लागेल. मी म्हटले, "पडदा बसवाल, पण टक् वाजणारे बटण कुठे आहे?" तिथले सगळे हसले. आमचे 'हे' म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतंय?" मला त्यातले काही कळत नव्हते हे खरे. पण सासूबाईंच्या बोटांना काय कळते ते मला ठाऊक होते. मी पत्रा कापू दिला नाही.

आता माझी फजिती सांगते. मला कोणीतरी सांगितले, की बाजारात एक लहानसे यंत्र मिळते, ते फोनमधली गाणी हवेतून रेडिओत पोहोचवते. मी गुपचूप साडेचारशे रुपये देऊन आणले. घरी आल्यावर कळले, की ते सिगारेट पेटवायच्या भोकात खोचायचे असते आणि आमच्या फियाटला ते भोकच नाही. मुलाने वायर जोडून दिली, तरी रेडिओ गप्प. कारण ते यंत्र एफ. एम. वर बोलते आणि आमचा रेडिओ मीडियम वेव्हवर ऐकतो. ते यंत्र अजून माझ्या कपाटात आहे. कोणाला नव्या गाडीसाठी हवे असेल तर घेऊन जा.

मग मोती चौकाजवळच्या बोळात एक वृद्ध रेडिओवाले काका आहेत, त्यांच्याकडे मी एकटीच गेले. त्यांनी रेडिओ उघडला, भिंग लावून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, बसा. आधी समजून घ्या, मग ठरवा." मला आजवर कोणत्याही कारागिराने असे म्हटलेले नव्हते.

ते म्हणाले, रेडिओचे दोन भाग असतात. पहिला भाग हवेतून स्टेशन पकडतो आणि त्यातून आवाज वेगळा काढतो. जसे आपण ताक घुसळून लोणी काढतो तसे. दुसरा भाग तो बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देतो. दोन्हींच्या मध्ये आवाज कमीजास्त करायचे बटण. "तुमचा पहिला भाग चांगला आहे, पण हवेतच काही राहिलं नाही. आपण फोनचा आवाज मधल्या बटणापाशी आणून सोडू. पुढचं काम रेडिओच करील. आवाज जुनाच येईल."

फोनचा आवाज तारेशिवाय आणायला 'ब्लूटूथ' लागतो. ब्लूटूथ म्हणजे निळा दात! दहाव्या शतकात डेन्मार्कचा एक राजा होता, त्याला हे टोपणनाव होते. त्याने वेगवेगळे मुलूख एकत्र आणले, म्हणून यंत्रे एकत्र आणणाऱ्या या विद्येला त्याचे नाव दिले. मुलाने हे मला सांगितले तेव्हा खोटेच वाटले होते, पण ते खरे आहे. याची पाटी बोटभर लांब असते आणि तीनशे रुपयांच्या आत मिळते. काकांनी ती पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवली.

तीनशेची पाटी खरी, पण काम तीन आठवडे चालले. ते तुम्हाला थोडक्यात सांगते, म्हणजे कोणाच्या घरी जुनी गाडी असेल तर फसवणूक होणार नाही.

आधी काकांनी गाडीच्या बॅटरीची कोणती बाजू पत्र्याला जोडली आहे ते पाहिले. आमच्या फियाटची ऋण बाजू पत्र्याला आहे. जुन्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत धन बाजू असते. हे न पाहता वायर जोडली तर पाटी जळते, कधी रेडिओही जातो. मग रेडिओतले वाळलेले जुने कंडेन्सर बदलले. स्पीकरचा कागद फाटला होता, तो पातळ कागद आणि गोंद लावून सांधला.

बॅटरी बारा व्होल्टची आणि पाटीला पाचच व्होल्ट लागतात. काकांनी आधी साधा उतरवणारा भाग लावला. गाडी चालू केली आणि रेडिओतून डास गुणगुणावा तसा आवाज येऊ लागला. गाडी पळवली की डासही पळे! डायनामोचा गोंगाट पत्र्यावाटे फिरून आवाजात शिरत होता. मग असा भाग आणला, की ज्यात येणारी वीज आणि जाणारी वीज यांचा एकमेकींना स्पर्श होत नाही. सोवळे-ओवळे म्हणा ना! डास गेला.

नंतर गाणे तुटक येऊ लागले. पाटी रेडिओच्या लोखंडी डब्यात बसवली होती. मीडियम वेव्हची लाट दोनशे ते साडेपाचशे मीटर लांब असते, तिच्यासाठी गाडीबाहेर एरियलची काठी आहे. ब्लूटूथची लाट जेमतेम बारा सेंटिमीटर, आपल्या वितीपेक्षा लहान, आणि ती लोखंडाच्या डब्यात शिरत नाही. स्टीलच्या डब्यातला हिंग बाहेर दरवळत नाही तसेच हे. पाटी डब्याबाहेर, डॅशबोर्डाच्या मागे नेल्यावर तेही दुखणे गेले.

फोनची गाणी डाव्या-उजव्या कानाची वेगळी असतात आणि आमचा स्पीकर एकच. दोन्ही वायरी नुसत्या पिळून चालत नाही. प्रत्येकीत एक लहान रेझिस्टर घालून मग त्या एकत्र कराव्या लागतात. सगळ्याच्या आधी एक बारीक फ्यूज. एक लहान खटका जुन्याच स्क्रूखाली बसवला, तो एका बाजूला केला की फोन, दुसऱ्या बाजूला केला की पहिल्यासारखा रेडिओ. एकही नवे भोक पाडले नाही, एकही तार कापली नाही. जी सोडवली ती कागदावर लिहून ठेवली आहे. उद्या कोणाला सगळे काढायचे झाले तर अर्ध्या तासात रेडिओ १९६८ सालासारखा होईल. सगळा खर्च दोन हजार सातशे रुपये झाला, तो मी भिशीतून केला.

पहिल्या संध्याकाळी सासूबाई पुढे बसल्या, 'हे' चालवायला, मी मागे. त्यांनी बटण फिरवले. टक् झाले, दिवा लागला आणि आतून एक बाई खणखणीत इंग्रजीत काहीतरी म्हणाली. फोन जोडला गेल्याचे ती पाटी बोलून दाखवत होती! सासूबाई दचकल्या. "ही कोण? गाडीत कोण बसलंय?" त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले आणि रात्री अकरापर्यंत त्या झोपल्या नाहीत. मी देवापुढे बसून रडले. दुसऱ्या दिवशी काकांनी न बोलणारी पाटी बसवून दिली.

आणि मग त्या संध्याकाळी टक् झाले. मी मागच्या सीटवर पदराआड फोन धरून गीतरामायण लावले. सासूबाईंचे माहेर पुण्याचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. वाड्यात एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता, सगळी मुले तिथे जाऊन बसत, असे त्यांनी मला लग्नानंतर कितीदा सांगितले आहे. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि बाबूजींच्या चाली. त्या जुन्या स्पीकरमधून बाबूजींचा आवाज आला, जरा घोगरा, पण रेडिओतल्यासारखा. पोवई नाक्यापर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणू लागल्या. शब्दाला शब्द. सकाळी काय जेवल्या ते न आठवणाऱ्या बाईने तीन कडवी म्हटली. 'ह्यांनी' गाडी कडेला घेतली आणि चष्मा पुसला. मला काही बोलले नाहीत. त्या रात्री माझे ताट मात्र त्यांनी वाढले.

भगिनींनो, माझ्या मनात एक शंका येते, ती तुमच्यापुढे ठेवते. त्यांना वाटते रेडिओ लागला, आणि मी पदराआडून फोन लावते. हे फसवणे झाले का? मी काकांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, आवाज खरा, गाणं खरं, बटण खरं. फक्त वाट बदलली." मला ते पटते, कधी कधी पटत नाही. पण त्यांचा हात बटणावर स्थिर असतो तेव्हा मी शंका बाजूला ठेवते.

दुसरे एक सांगते. आपल्या घरांत पुष्कळ जुन्या वस्तू आहेत आणि जुनी माणसेही आहेत. नवे आणू नका असे मी म्हणत नाही. फोन नसता तर आज माझ्या सासूबाईंना गाणे ऐकवता आले नसते. नवे जरूर आणावे, पण पत्रा कापायच्या आधी, त्या वस्तूवर कोणाचा हात अजून आहे हे बघावे. आणि कारागिराला "मला समजावून सांगा" असे म्हणायला लाजू नये. सातवी शिकलेल्या बाईलाही समजते. समजावणारा भेटावा लागतो, आणि आपण विचारावे लागते.

गेल्या महिन्यात गोडोलीवरून परत येताना सासूबाईंनी मागे वळून मला विचारले, "रेडिओ फार छान झालाय. कोणी दुरुस्त करून आणला?"

मी म्हटले, "सुनेने आणला."

"कोणाची गं सून?"

"तुमचीच."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग चांगली शिकलेली असणार."