उपकार नकोत, नोंद हवी

(सणसवाडी, ता. शिरूर येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरगावी राहून कमावणाऱ्या आईबापांबद्दल घरात कृतज्ञता कशी रुजवावी, यावर मी बोलावं असं तुम्ही सांगितलंत. विषय तुमच्या गावचाच आहे. नगर रोडला कोरेगाव भीमा आणि शिक्रापूरच्या मधे तुमचं गाव. कारखाने आले, आणि मागोमाग खोल्यांच्या रांगा आल्या. एकेका खोलीत चार-पाच जण, कोणी बीडचा, कोणी लातूरचा, कोणी थेट बिहारचा. तुमच्यापैकी काहीजणी या खोल्या भाड्याने देता, काहीजणी डबे पुरवता, आणि काहीजणी लेकरं गावी आजीजवळ ठेवून स्वतःच पॅकिंगच्या कामाला आलेल्या आहात.

घरापासून दूर राहून, रात्रपाळी करून, स्वतःचं पोट मारून जो पैसे पाठवतो, त्याच्या कष्टांची जाण मुलांना असलीच पाहिजे. त्याबद्दल माझा काही वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्या घरात आभार नेमके कोणाचे मानले जातात? आणि कोणाचे मानायचे राहून जातात?

मी गिरणी कामगाराची मुलगी. वडील मुंबईला, आम्ही सातारा जिल्ह्यात गावी. मनीऑर्डर आली की आई ते पैसे आधी देवापुढे ठेवायची, मग आम्ही सगळ्यांनी नमस्कार करायचा. भांगलणीला जाऊन ती स्वतः जे चार पैसे आणायची, ते मात्र देवापुढे कधी गेले नाहीत. ते थेट तेल-मिठात जायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. कितीतरी जण गावी परतले, त्यांत माझे वडीलही होते. त्या काळात आमचं घर तगलं ते दीड एकर जमिनीवर, आणि ती जमीन इतकी वर्षं आईने राखली होती. मुंबईत या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्याही बायकाच होत्या. त्या खानावळवाल्यांना संघटित करायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांच्या राबण्याला 'धंदा' म्हणून ओळख मिळाली.

आजही फार फरक पडलेला नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते 88 मिनिटं. नवरा बाहेरगावी असेल तर त्या 88 मिनिटांचाही आधार नाही. वर शेत, जनावरं, सासू-सासऱ्यांची दुखणी. तरी विचारलं तर उत्तर काय? "ती घरीच असते."

आणि बाईच बाहेरगावी गेली तर? बाप गेला की 'पोटासाठी गेला', आई गेली की 'लेकरं टाकून गेली'. पैसे दोघंही पाठवतात, दोघांनाही रात्री लेकरं आठवतात. पण दिवाळीला घरी आल्यावर बापाच्या पाया पडायला लावतात, आणि आईला विचारतात, "पोरगं वाळलंय, दिसतंय का तुला?"

कृतज्ञता आणि उपकाराचं ओझं यांत मी एक साधी खूण धरते. कृतज्ञता असेल तिथे प्रश्न विचारता येतो. "तुमच्यासाठीच मरतोय" एवढं म्हटलं की बायकोने पगार किती हे विचारायचं नाही, पोराने "येत का नाही?" म्हणायचं नाही, असं जिथे असतं तिथे आभारांच्या नावाखाली तोंड बंद करणं चाललेलं असतं.

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. नवरा अकरा वर्षं कंपनीत. तिने गावी दोन एकर कसले, सासूचं शेवटपर्यंत केलं, घर बांधताना स्वतः विटा वाहिल्या. पुढे नवऱ्याने नोकरीच्या गावी दुसरं घर थाटलं आणि हिला बाहेर काढलं. सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनेचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत." त्यांचे शब्द खरे होते, डोळ्यांत पाणीही खरं होतं. पण सातबारावर तिचं नाव नव्हतं, घराच्या उताऱ्यावर नव्हतं. नवऱ्याच्या बँक खात्याचे कागद होते, तिच्या अकरा वर्षांचा एकही कागद नव्हता. पोटगीसाठीसुद्धा तिला दोन वर्षं तारखा घालाव्या लागल्या.

म्हणून मी म्हणते, कृतज्ञता कागदावर आली पाहिजे. हे महाराष्ट्रात नवीन नाही. चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम घेतली. शरद जोशी शेतकऱ्यांना सांगत, की घरच्या लक्ष्मीचं कर्ज तुमच्यावर आहे, तिच्या नावावर जमीन करून ते फेडा. पुष्कळांनी केलीही. 1992 मध्ये सरकारने परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्याने अर्ज दिला तर सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. 2003 मध्ये घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचं परिपत्रक ग्रामपंचायतींसाठी निघालं. दोन्हीकडे अडचण एकच. नवऱ्याची तयारी लागते. म्हणजे कृतज्ञतेची खरी परीक्षा तिथेच होते.

मग घरात काय करायचं? पहिलं, महिन्याचा हिशोब मुलांसमोर मांडा. बाहेरून किती आले ते लिहा, आणि घरच्या कामाला मजूर लावला असता तर किती गेले असते तेही शेजारी लिहा. दुसरं, फोनवर मुलांना नुसतं "काय आणाल?" विचारायला शिकवू नका. "आज पाळी कुठली होती? जेवलात का?" हेही विचारू दे. आणि पलीकडून बापानेही विचारावं, "आज आईला काय मदत केलीस?" तिसरं, आजीला विसरू नका. तुमची लेकरं सांभाळणारी म्हातारी ही काही फुकटची सोय नव्हे. तिच्या औषधपाण्याचे पैसे वेगळे काढा, ते तिच्या हातात द्या.

आणि चौथं, जे सगळ्यांत अवघड आहे. दिवाळीला माणसं गावी येतील. त्याआधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा आणि तलाठ्याकडून सातबारा काढून ठेवा. फराळ झाला की दोन्ही कागद पुढे ठेवा आणि विचारा, "यात माझं नाव कुठे आहे?" भांडायला म्हणून विचारू नका, पण उत्तर मिळेपर्यंत विचारणं सोडूही नका. अर्ज लिहून द्यायला आम्ही येऊ. आज जाण्याआधी तुमची आणि तुमच्या गावाची नावं वहीत लिहून जा.