टाकीतला पंप

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)

आज मोटारगाडीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. पूर्वी गावात गाडी म्हणजे बैलगाडी. आता चार घरांआड एक जुनी मोटार दिसते. कोणी ती दूध घालायला वापरतो, कोणी बाजाराला नेतो. रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे झाले, तर हीच गाडी उपयोगी पडते. म्हणून ती ऐन वेळी बंद पडू नये, आणि पडलीच तर आपण फसू नये व भाजूही नये, एवढ्यासाठी हे बोलणे.

गाडीत पेट्रोल कसे चढते ते आधी पाहू.

मारुती ८०० ही गाडी सर्वांच्या माहितीची आहे. डिसेंबर १९८३ मध्ये ती बाहेर पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनवणे थांबले. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत कार्बुरेटर होता. पेट्रोलचा पंप इंजिनाला जोडलेला असे. इंजिन फिरले की पंप हाले आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. पुढे २००० सालाच्या सुमारास कार्बुरेटर गेला आणि इंजेक्टर आले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा बारीक फवारा मारणारी तोटी. फवाऱ्याला दाब लागतो, तो नुसत्या ओढण्याने मिळत नाही. म्हणून विजेवर चालणारा पंप थेट टाकीत बसवला.

विहिरीतली पाणबुडी मोटर तुम्ही पाहिली आहे. ती पाण्यात बुडून राहते आणि पाणी वर ढकलते. हा पंपही तसाच आहे. तो पेट्रोलमध्ये बुडून राहतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. फूटव्हॉल्व्हला जाळी असते, तशी यालाही तोंडाशी जाळी असते. विहीर आटली आणि मोटर कोरडी चालली, तर ती जळते. या पंपाचेही तेच आहे. भोवतीचे पेट्रोल त्याला थंड ठेवते. जो माणूस रोज शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून काटा तळाला ठेवून गाडी हाकतो, त्याचा पंप लवकर जातो. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये. ही सवय फुकटची आहे, आणि पंप विकतचा आहे.

तुम्ही विचाराल, मास्तर, पेट्रोलमध्ये वीज, मग भडका कसा उडत नाही? जळायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोलची वाफ, ठिणगी आणि हवा. बुडालेल्या पंपाभोवती हवा नसते. टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेतही वाफ इतकी दाट असते की ती पेटत नाही. पण आपण टाकी उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि वाफ बाहेर पडते. धोका तेव्हा सुरू होतो. हे वाक्य मनात पक्के धरा. पुढचे सारे त्यावरच आहे.

आता, पंप बिघडला हे ओळखायचे कसे?

गाडी बंद ठेवून चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. मागच्या बाकाजवळ कान द्या. एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो पंपाचा आवाज. आवाज आला नाही, तर लगेच पंप गेला असे म्हणू नका. आधी फ्यूज पाहा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर अक्षरे आणि आकडे असतात. कोणता फ्यूज कशाचा, ते तिथे लिहिलेले असते. फ्यूजची तार तुटली असेल, तर त्याच आकड्याचा नवा फ्यूज घाला. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा नुसती तार घालू नका. त्याने वायर तापते आणि गाडी पेटते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर वायर कुठे तरी चिकटली आहे. ते मिस्त्रीला दाखवा.

फ्यूज चांगला असेल, तर रिले पाहा. त्याच जातीचा चांगला रिले घालून बघा. मग पंपाला जाणाऱ्या वायरच्या जोडात वीज येते की नाही, ते टेस्ट-दिव्याने पाहा. वीज येते, जमिनीची वायर घट्ट आहे, आणि तरी पंप गप्प आहे, तर पंपच गेला समजा.

आवाज येतो, पण गाडी चढावर दम टाकते, झटके देते, असे झाले तर दाब कमी पडतो आहे. तेव्हा मिस्त्रीला गेज लावून दाब मोजायला सांगा. पुष्कळदा पंप चांगला असतो, पण फिल्टर नाही तर जाळी गाळाने तुंबलेली असते. थोडक्या पैशांच्या फ्यूजसाठी हजारो रुपयांचा पंप बदलून घेणारे लोक आहेत. म्हणून मिस्त्रीला नम्रपणे विचारा, “वीज पाहिली का? दाब मोजला का?” चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता बदलण्याचे काम. ज्याला पाने-पकड धरायची सवय आहे, त्यानेच हे हाती घ्यावे. एकट्याने करू नये, दुसरा माणूस जवळ असावा. ज्याला सवय नाही, त्याने मिस्त्रीकडे जावे, पण काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहावे.

पहिली गोष्ट जागा. काम उघड्यावर करा. बंद खोलीत नको, गॅरेजच्या खड्ड्यावर तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीवरून सरपटते आणि खड्ड्यात साचते. दहा-वीस पावलांवरची चूल किंवा बिडीसुद्धा तिला पुरते. विजेचा लोंबता बल्ब जवळ आणू नका. तो फुटला की ठिणगी पडते. दिवसाउजेडी काम करा. आग विझवायचे नळकांडे आणि कोरडी वाळू जवळ ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

दुसरी गोष्ट दाब. नळीत पेट्रोल दाबाखाली असते. पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन चालू करा. ते थोडे चालून आपोआप बंद पडेल. म्हणजे दाब उतरला. चालूच होत नसेल, तर नळी सोडताना तिच्याभोवती फडके गुंडाळा आणि तोंड दूर ठेवा. मग बॅटरीची उणे बाजूची वायर सोडा.

तिसरी गोष्ट टाकी हलकी करणे. पेट्रोल हातपंपाने घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा. नळी तोंडात धरून ओढू नका. पेट्रोल छातीत उतरले, तर माणूस जिवाला मुकतो.

काही गाड्यांत मागचे बाक उचलले की खाली एक झाकण असते. काहींत टाकीच खाली उतरवावी लागते. झाकणाभोवतीची माती आधी पुसून काढा, नाही तर ती टाकीत पडेल. झाकण कोणत्या दिशेने बसले आहे, त्याची खडूने खूण करा. कोणती नळी कुठे, तेही कागदावर लिहून ठेवा. झाकणाची कडी सोडवताना लोखंडाने ठोकू नका, लाकूड किंवा पितळ वापरा. लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी उडते. पंप सरळ ओढू नका. त्याला काटा दाखवणारी तरंगती दांडी असते. ती वाकणार नाही अशा बेताने पंप तिरका करून काढा.

आता टाकीचा तळ पाहा. तिथे गंज आणि गाळ असेल, तर टाकी साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू नका. नाही तर तोही लवकरच तुंबेल. टाकीला भोक असेल, तर ती घरी वेल्डिंगला नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

नवा पंप घेताना जुन्यावरचा नंबर एकेक अक्षर पाहून कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद दुकानदाराला दाखवा. पंपाबरोबर जाळी नवी घ्या. झाकणाखालचे रबरी कडेही नवे घ्या. जुने पुन्हा बसवले तर गळते. टाकीतली नळी पेट्रोलमध्ये बुडून टिकणारी हवी. साधी नळी फुगते आणि निसटते. २०२३ सालापासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून नळी आणि कडे इथेनॉल सोसणारे मागा.

वायर जोडताना अधिक आणि उणे या खुणा वाचा. उलट जोडले तर पंप उलटा फिरेल आणि पेट्रोल चढणार नाही. सारे बसले, सांडलेले पुसले, वास गेला, म्हणजे टाकीत स्वच्छ पेट्रोल घाला, फ्यूज बसवा आणि शेवटी बॅटरी जोडा. तीन-चार वेळा नुसती चावी फिरवा आणि बंद करा. नळीत दाब भरेल. कुठे ओल दिसते का ते पाहा. थेंब दिसला तर इंजिन सुरू करू नका. सारे कोरडे असेल, तरच इंजिन चालू करा आणि मग बाक बसवा. पेट्रोलने भिजलेली फडकी घरात कोंबू नका. उघड्यावर वाळू द्या.

मंडळी, या कामात वाचण्याचे प्रसंग किती आले, मोजा. फ्यूजचा आकडा, पंपाचा नंबर, अधिक-उण्याची खूण, आणि आपण स्वतः लिहिलेला नळ्यांचा कागद. वाचायला आले म्हणजे पोथी तर वाचावीच, पण झाकणावरचे चार आकडेही वाचावेत. त्याने पैसे वाचतात, आणि एखाद्या वेळी जीवही वाचतो.

ध्यानात ठेवा :

१. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका.
२. आधी फ्यूज, मग रिले, मग वीज, शेवटी पंप.
३. काम उघड्यावर, दोघांनी, दिवसा.
४. बिडी, चूल, बल्ब दूर.
५. थेंब गळत असेल तर गाडी सुरू करू नका.